झोपेसाठी कपाळावर विद्युत्पट्टा बांधावा का?

वाचकाचे पत्र

माझे वय ५३ असून मी हिशेबाचे काम करते. गेली दोन वर्षे झोपेने माझी साथ सोडली आहे. थकवा इतका असतो की रात्री साडेनऊलाच मी अंथरुणावर पडते, परंतु बारा वाजेपर्यंत डोळा लागत नाही. तीनच्या सुमारास जाग येते, मग पाचपर्यंत मी कूस बदलत राहते आणि पुढे सातपर्यंत तुटक डुलक्या लागतात. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी काही दिवसांसाठी अल्प्राझोलामची गोळी दिली होती. ती आता रोजचीच झाली आहे आणि तिचा पूर्वीसारखा उपयोगही होत नाही. मनगटावरचे घड्याळ रोज सकाळी गाढ झोप कमी झाल्याचे दाखवते आणि ते पाहून दिवसाची सुरुवातच उदास होते. माझ्या भाच्याने कपाळावर बांधायच्या एका पट्ट्याची माहिती पाठवली आहे. तो पट्टा मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन गाढ झोप वाढवतो, असे म्हणतात. याचा खरोखर उपयोग होतो का? तो सुरक्षित आहे का? आणि तो घेतला तर मला गोळी बंद करता येईल का? ता. क. : सोळाव्या वर्षी मला दोनदा आकडी आली होती. चार वर्षे औषध घेतले, त्यानंतर पुन्हा कधी त्रास झाला नाही. आता त्याचा काही संबंध नसावा, तरी लिहिले. मी घोरते, असे यजमान म्हणतात.

उत्तर

ताई, ज्या ओळी आपण जाता जाता, संकोचाने लिहिल्या आहेत, त्याच आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या ओळी आहेत, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते. ज्यांना आयुष्यात कधीही आकडी आली आहे, त्यांनी मेंदूला विद्युत्प्रवाह देणारे कोणतेही उपकरण मेंदूविकारतज्ज्ञांच्या स्पष्ट संमतीशिवाय वापरू नये. तेव्हा तो पट्टा तूर्त मागवू नका, आणि घरात आलाच असेल तर कपाळावर बांधू नका. तितक्याच आग्रहाने दुसरी विनंती करते की, अल्प्राझोलाम आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका, अगदी एका रात्रीपुरतीही नको.

पहिल्या सूचनेमागचे कारण समजून घ्यावे, कारण जाहिरातींमध्ये सुरक्षिततेविषयी जे सांगितले जाते ते खोटे नसते, फक्त ते आपल्याला लागू पडत नाही. डोक्याच्या त्वचेवरून १ ते २ मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह देण्याची जी पद्धत संशोधनात वापरली जाते, तिच्या सुरक्षिततेचा एक मोठा आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,००० व्यक्तींवर झालेल्या ३३,२०० हून अधिक सत्रांचा विचार केला होता आणि नेहमीच्या मर्यादेत दिलेल्या प्रवाहामुळे गंभीर वा कायमची इजा झाल्याची एकही नोंद आढळली नाही. हा दिलासा खरा आहे. मात्र अशा प्रयोगांमध्ये सहभागी होणाऱ्यांची आधी कसून चाळणी केलेली असते. ज्यांना पूर्वी आकडी आली आहे, ज्यांच्या शरीरात पेसमेकर, कानातील कॉक्लिअर रोपण किंवा कवटीत धातूचा तुकडा आहे, ज्या गर्भवती आहेत, अशांना बहुतेक अभ्यासांतून वगळले जाते. म्हणजे ज्यांच्या अनुभवावरून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढला गेला, त्यांच्यात आपल्यासारख्या व्यक्ती जवळजवळ नव्हत्याच. अपस्मार, म्हणजे वारंवार आकडी येण्याचा विकार, शांत करण्यासाठीही असा प्रवाह वापरून पाहणारे अभ्यास झाले आहेत, हे मी जाणून आहे. परंतु तेथे आकडीचा उगम मेंदूच्या कोणत्या भागात आहे हे पाहून, इलेक्ट्रोडची, म्हणजे डोक्याला प्रवाह पोहोचवणाऱ्या टोकांची, जागा आणि प्रवाहाची दिशा तज्ज्ञ ठरवतात. सर्वांसाठी एकाच मापाने बनवलेल्या पट्ट्याला यातले काहीही ठाऊक नसते.

गोळीचा प्रश्न याहून तातडीचा आहे. अल्प्राझोलाम हे बेन्झोडायझेपीन गटातील औषध आहे. ते महिनोन्‌महिने रोज घेतल्यावर मेंदू त्याला सरावतो, त्यामुळे परिणाम ओसरत जातो आणि आपण वर्णन केलेली अवस्था येते. हे औषध अचानक थांबवले तर झोप पूर्वीपेक्षाही बिघडते, अस्वस्थता, थरथर आणि घाम सुरू होतो आणि काही जणांना आकडीही येते. पूर्वी कधी आकडी न आलेल्यांनाही हा धोका असतो, मग आपल्या बाबतीत तो किती गांभीर्याने घ्यावा लागेल हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली या गटातील सर्व औषधांवरील सर्वांत कडक इशाऱ्यात अवलंबित्व आणि औषध सोडताना होणाऱ्या त्रासाचा समावेश केला, तो याच अनुभवामुळे. ही गोळी सुटू शकते, अनेकांची सुटते, पण ती डॉक्टरांनी आखून दिलेल्या टप्प्यांनी, काही आठवडे किंवा काही महिने घेऊन, थोडीथोडी कमी करत. पट्टा बांधला म्हणून त्याच रात्री गोळी सोडणे हा आपण उचलू शकाल असा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे, आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नातून तोच विचार मनात असल्याचे दिसल्यामुळे मी हे इतक्या ठामपणे लिहीत आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. तो प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण या संशोधनामागची कल्पना सुंदर आहे आणि तिला केवळ जाहिरातबाजी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल.

मेंदूतील विद्युत्‌ हालचाल डोक्यावरून टिपता येते हे हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरांनी १९२९ साली जगापुढे मांडले. त्या ईईजी आलेखामुळेच झोपेचे निरनिराळे टप्पे ओळखता येऊ लागले. गाढ झोपेत मेंदूच्या बाह्य थरातील असंख्य चेतापेशी एकाच वेळी शांत होतात आणि एकाच वेळी जाग्या होतात. हे चक्र सेकंदाला एकदा किंवा त्याहूनही संथ गतीने चालते आणि आलेखावर मोठ्या, मंद लहरींच्या रूपाने उमटते. दिवसभरात शिकलेले पक्के होण्याशी या लहरींचा जवळचा संबंध आहे आणि वय वाढते तशा त्या निसर्गतःच कमी होत जातात. मग साहजिकच विचार आला की, या लहरींना बाहेरून थोडा हातभार लावता आला तर झोप अधिक गाढ होईल का? २००६ साली जर्मनीतील ल्युबेक विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात आपला प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुण स्वयंसेवक रात्रीच्या पहिल्या प्रहरात झोपलेले असताना त्यांच्या डोक्याला ०.७५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पाऊण आवर्तन, अशा संथ गतीने कमीजास्त होणारा सौम्य प्रवाह दिला गेला. त्यामुळे मंद लहरी वाढल्या आणि झोपण्यापूर्वी पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या सकाळी अधिक चांगल्या आठवल्या. आज बाजारात दिसणाऱ्या बऱ्याच दाव्यांचा उगम या एका प्रयोगात आणि त्याच्या वारसांत आहे.

त्यानंतर जे घडले ते जाहिरातींत सापडत नाही. तोच प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा स्मरणशक्तीचा फायदा प्रत्येक वेळी दिसला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर अपस्मारावरील शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा रुग्णांची झोप थेट आतून तपासली गेली आणि डोक्यावरून दिलेल्या संथ प्रवाहाच्या तालावर मेंदूच्या लहरी चालू लागल्याचा पुरावा मिळाला नाही. २०१८ साली मृतदेहांवर केलेल्या मोजमापांतून असे दिसले की, त्वचेवर दिलेल्या प्रवाहापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा, खालचे मऊ ऊतक आणि कवटी यांतच विरतो. घरगुती पट्ट्यातून येणारा प्रवाह मेंदूपर्यंत पोहोचतो तेव्हा त्यात किती बळ उरत असेल, असा प्रश्न यातून उभा राहतो. माझे मत असे आहे की, विद्युत्प्रवाहाने गाढ झोप वाढवण्याची शक्यता अजून संपलेली नाही, पण निद्रानाशाने त्रस्त असलेल्या व्यक्तीने त्यावर भिस्त ठेवावी इतका भक्कम आधार आज तिला नाही.

शिवाय सौम्य प्रवाह म्हणजे शामक प्रवाह, असा जो समज रूढ झाला आहे, तो दूर झाला पाहिजे. प्रवाहाची दिशा, इलेक्ट्रोडची जागा आणि दिवसाची वेळ बदलली की परिणाम बदलतो, कधी उलटाही होतो. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, झोपण्यापूर्वी कपाळाच्या दोन्ही बाजूंना धन इलेक्ट्रोडद्वारे प्रवाह दिल्यावर निरोगी माणसांची एकूण झोप घटली. मेंदूचा पुढचा भाग आधीच सतर्क असलेल्या व्यक्तीला नेमके हेच घडले तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता.

आपल्या भाच्याने पाठवलेल्या माहितीत रोज वीस मिनिटे, झोपण्यापूर्वी, असे लिहिलेले असेल तर ते उपकरण आणखी एका जुन्या घराण्यातले असण्याचा संभव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर सोव्हिएत रशियात विद्युतनिद्रा या नावाने एक उपचार चालत असे. त्यात डोळ्यांजवळ आणि मानेमागे इलेक्ट्रोड लावून अत्यंत क्षीण, ठरावीक ठेक्याचा प्रवाह दिला जाई. त्याचीच सुधारलेली रूपे आज कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायच्या उपकरणांत दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली चिंता आणि निद्रानाश यांसाठी असलेली अशी उपकरणे मध्यम जोखमीच्या वर्गात ठेवली. विक्रेते ‘मान्यताप्राप्त’ म्हणतात ते बहुधा यावरूनच. परंतु त्यांच्या परिणामांचा जो पद्धतशीर आढावा २०१८ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला, त्यात निद्रानाशासाठी ठोस फायदा दाखवणारा पुरेसा पुरावा सापडला नाही. चिंतेवर किंचित उपयोग होण्याची शक्यता तेवढी दिसली, आणि तीही कमी दर्जाच्या पुराव्यावर. उपकरण विकण्याची परवानगी मिळणे आणि त्याने झोप सुधारते हे सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे, हे खरेदीपूर्वी प्रत्येकाने लक्षात घ्यावे.

चुंबकीय उद्दीपनाचा, म्हणजे डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूला चेतवण्याचा, उल्लेख फक्त गैरसमज होऊ नये म्हणून करते. इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १९८५ साली विकसित झालेली ही पद्धत वैद्यकीय देखरेखीखाली वापरली जाते, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी तिला अमेरिकेत २००८ पासून मान्यता आहे आणि आकडी हा तिचा दुर्मीळ पण ज्ञात दुष्परिणाम आहे. आपल्यासाठी ती सध्या विचारात घेण्यासारखी नाही.

या सर्व पद्धतींत मला सर्वाधिक आशा जिच्याविषयी वाटते, तिच्यात विद्युत्प्रवाह नाहीच. २०१३ साली जर्मनीतील संशोधकांनी झोपलेल्या व्यक्तीची ईईजी तत्क्षणी वाचणारी एक रचना तयार केली. मंद लहर वर चढू लागते त्या नेमक्या क्षणी सेकंदाच्या विसाव्या भागाएवढा, माणूस जागा होणार नाही इतका हलका आवाज कानात सोडला जातो. झोका देणारा हात जसा झोक्याची लय पाहूनच लागावा लागतो, अवेळी लागला तर झोका थांबतो, तसेच येथेही आहे. आवाजाची वेळ लहरीशी जुळली तर पुढची लहर वाढते, चुकली तर वाढत नाही. मंद लहरी वाढल्याचा हा परिणाम पुढे अनेक प्रयोगशाळांत दिसून आला आणि अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१७ सालच्या छोट्या अभ्यासात साठीपुढच्या व्यक्तींमध्येही दिसला. स्मरणशक्तीवरील परिणाम मात्र एकसारखा नाही. २०१९ सालच्या एका अभ्यासात लहरी वाढूनही स्मरणात फरक पडला नाही. आणि यातील एक मर्यादा आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. हा आवाज आधीच गाढ झोपलेल्या मेंदूला साथ देतो. जो माणूस साडेनऊपासून बारापर्यंत छताकडे पाहत पडला आहे, त्याच्या मेंदूत साथ देण्यासाठी ती लहरच नसते.

येथे मी आपल्या पत्रातील झोपेच्या वेळांकडे पुन्हा येते, कारण माझ्या मते आपल्या त्रासाचे मूळ लहरींच्या उंचीत नसून त्या वेळांत आहे. आपण साडेनऊ ते सात असे साडेनऊ तास अंथरुणावर असता आणि आपल्याच वर्णनानुसार त्यांतील झोप पाच तासांच्या आसपास भरते. म्हणजे अंथरुणातील जवळजवळ निम्मा वेळ जागेपणी, काळजीत आणि घड्याळाकडे पाहण्यात जातो. असे दोन वर्षे चालले की मेंदू अंथरुणाची सांगड झोपेशी न घालता जागेपणाशी घालतो. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, तीन महिन्यांहून जास्त काळ असे चालू असेल तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात आणि आपण ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. थकवा भरून काढण्यासाठी लवकर आडवे होणे ही समजण्याजोगी धडपड आहे, पण तिच्यामुळे उपलब्ध झोप अधिक वेळावर पसरून विरळ होते.

त्यात गोळीची भर पडते. बेन्झोडायझेपीन गटातील औषधे झोप लवकर आणत असली तरी गाढ झोपेतील मंद लहरी दाबतात. ज्या लहरी वाढवण्यासाठी पट्टा घ्यायचा विचार आहे, त्याच लहरी रोजची गोळी कमी करत आहे, अशी ही स्थिती आहे. घड्याळाने दाखवलेल्या आकड्यावरही फार विसंबू नये. मनगटी घड्याळ मेंदूच्या लहरी मोजत नाही. हालचाल आणि नाडी यांवरून ते अंदाज बांधते. झोप आणि जाग यांतला फरक ते बऱ्यापैकी सांगते, पण झोप किती गाढ होती हे सांगताना वारंवार चुकते. माझी आपल्याला विनंती आहे की, निदान दोन महिने हे घड्याळ रात्री काढून ठेवावे. सकाळी उठून आपल्याला कसे वाटते हे एखाद्या आकड्याने ठरवावे, अशी त्या आकड्याची योग्यता नाही.

पुढे काय करावे, हे क्रमाने सांगते, आणि या क्रमात श्वासाची तपासणी सर्वांत आधी येते. आपण घोरता, असे यजमान म्हणतात. रजोनिवृत्तीच्या आसपास आणि त्यानंतर स्त्रियांमध्ये स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याचे प्रमाण वाढते, आणि स्त्रियांमध्ये तो पुष्कळदा दिवसा पेंग येण्याऐवजी रात्री जाग येणे, थकवा आणि सकाळची डोकेदुखी अशा रूपाने प्रकट होतो. त्यामुळे तो साधा निद्रानाश समजला जातो आणि गोळी दिली जाते. झोपेची गोळी श्वासमार्गाचे स्नायू आणखी सैल करू शकते. यजमानांना काही रात्री लक्ष ठेवायला सांगा. घोरणे मध्येच थांबून काही क्षण श्वास बंद राहतो का आणि मग धाप लागल्यासारखा आवाज येऊन श्वास सुरू होतो का, एवढेच त्यांनी पाहावे. तसे असेल तर डॉक्टरांना ते सर्वप्रथम सांगावे आणि झोपेची तपासणी करून घ्यावी. तीन वाजता अंगातून वाफा निघाल्यासारखे होऊन, घामाने जाग येत असेल तर तेही सांगावे, कारण त्यावर स्वतंत्र उपाय आहेत.

त्याबरोबरच आपण मेंदूविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. त्यांच्यासमोर जुन्या आकडीची हकीकत, तेव्हाच्या औषधाचे नाव आणि अल्प्राझोलामची सध्याची मात्रा व कालावधी स्पष्ट ठेवावा आणि गोळी कमी करण्याचा आराखडा लेखी मागावा. ही गोळी ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांनाही यात सामील करून घ्यावे. संकोच नको. काही दिवसांसाठी दिलेले औषध वर्ष-दीड वर्ष चालू राहणे ही फार वारंवार आढळणारी गोष्ट आहे आणि त्यात आपला काही दोष नाही.

आणि मग खरा उपचार. दीर्घकालीन निद्रानाशासाठी पहिला उपाय म्हणून कोणते उपकरण नव्हे की कोणती गोळी नव्हे, तर सीबीटी-आय नावाची वर्तनोपचार पद्धत सुचवली जाते. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत तिला प्रथम स्थान दिले आणि युरोपातील तज्ज्ञांची भूमिकाही तीच आहे. ती साधारण सहा ते आठ भेटींची असते. तिचा एक भाग रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडला. झोप दाटून आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, जाग येऊन पंधरा-वीस मिनिटे उलटल्यासारखी वाटली की उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचे, पुन्हा पेंग आली की परतायचे आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचे. वाचायला हे क्षुल्लक वाटते, करायला पहिले दोन आठवडे अवघड जाते, आणि मेंदूला अंथरुणाचा खरा अर्थ पुन्हा शिकवण्यासाठी याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

या पद्धतीचा दुसरा भाग म्हणजे अंथरुणातील वेळ प्रत्यक्ष झोपेइतका आखडून आणणे. येथे मात्र आपल्यासाठी मला वेगळे सांगावे लागेल. इतरांना पहिल्याच दिवशी साडेपाच-सहा तासांवर आणले जाते. परंतु झोपेची तीव्र उणीव हे आकडीचे सर्वज्ञात निमित्त आहे आणि आपण गोळी कमी करण्याच्या उंबरठ्यावर आहात. म्हणून हा वेळ हळूहळू कमी करावा. पहिल्या आठवड्यात साडेनऊऐवजी दहा वाजता, पुढच्या आठवड्यात साडेदहा वाजता, असे अर्ध्या तासाने पुढे सरकत अकरापर्यंत यावे आणि सकाळची वेळ सातवरून साडेसहावर आणून तेथेच पक्की करावी. साडेसात तासांच्या खाली मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये. अंथरुणातील वेळेपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास वेळ झोपेत जाऊ लागला की ही घडी बसली असे समजतात. तेथे पोहोचायला वेळ लागला तर निराश होऊ नका. या काळात थकलेल्या अवस्थेत वाहन चालवणे टाळा.

मग इतके लोक पट्टा वापरून झोप सुधारल्याचे सांगतात, ते सारे खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांची झोप बहुतेक वेळा खरेच सुधारलेली असते. संशोधनात काहींना बनावट उद्दीपन देतात. सुरुवातीला काही सेकंद प्रवाह सोडून त्वचेला मुंग्या येऊ देतात आणि मग तो गुपचूप बंद करतात. निद्रानाशाच्या अभ्यासांत अशा बनावट उपचारानेही पुष्कळांना बरे वाटते. रोज ठरल्या वेळी दिवे मंद करून, फोन बाजूला ठेवून वीस मिनिटे शांत बसणे आणि आता काहीतरी उपाय सुरू आहे या जाणिवेने मनाचा ताण हलका होणे, यांतही झोप आणण्याची मोठी ताकद आहे. ती वीस मिनिटे आपण पट्ट्याशिवायही स्वतःला देऊ शकता, आणि द्यावीत असे मला मनापासून वाटते.

भाच्याने आपली काळजी केली, याचा मला आनंद आहे, आणि त्याला दुखवू नका. मात्र त्याला एक गोष्ट बजावून सांगा. बॅटरी आणि तारा जोडून घरच्या घरी असे उपकरण तयार करण्याच्या कृती फिरत असतात आणि तंत्राची आवड असलेली मुले त्यांकडे ओढली जातात. प्रवाहावर नियंत्रण नसलेल्या, कोरड्या पडलेल्या इलेक्ट्रोडमुळे त्वचा भाजल्याची उदाहरणे आहेत. २०१६ साली ३९ संशोधकांनी खुले पत्र लिहून घरगुती प्रयोग करणाऱ्यांना सावध केले होते. रोज, महिनोन्‌महिने प्रवाह घेतल्यावर मेंदूत काय बदल होतात हे कोणी नीट तपासलेले नाही, आणि एका क्षमतेत वाढ होताना दुसरीत घट होऊ शकते, हा त्यांचा मुद्दा होता. हे निरोगी तरुणांनाही लागू आहे.

श्वासाची तपासणी झाली, गोळी टप्प्याटप्प्याने सुटली आणि दोन-तीन महिने सीबीटी-आय प्रामाणिकपणे केल्यावरही सकाळी ताजेतवाने वाटत नसेल, तर उद्दीपनाचा विषय पुन्हा काढायला माझी हरकत नाही. तेव्हाही आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारा आणि त्यांनी होकार दिला तर प्रवाहाच्या उपकरणाऐवजी ईईजी वाचून आवाज सोडणारे उपकरण निवडा. विकत घेण्यापूर्वी ते खरोखर मेंदूच्या लहरी मोजते की केवळ ठरावीक अंतराने आवाज करते हे विचारून घ्या, कारण दुसऱ्या प्रकाराला या संशोधनाचा आधार नाही. ते परत करता येण्याची मुदत पुरेशी आहे का, हेही पाहा. मग दोन आठवडे वापरा, पुढचे दोन आठवडे बाजूला ठेवा, आणि पुन्हा दोन आठवडे वापरा. रोज सकाळी उपकरणाचा अहवाल उघडण्याआधी एका वहीत तीनच नोंदी करा : अंदाजे किती वेळात झोप लागली, किती वेळा जाग आली आणि उठल्यावर कसे वाटते. सहा आठवड्यांनी ती पाने समोरासमोर ठेवून पाहा, आणि वापरलेल्या व न वापरलेल्या आठवड्यांत आपल्याच अक्षरातील नोंदींना फरक दिसत नसेल, तर उपकरणाचा आलेख काहीही दाखवत असला तरी ते परत करा.